वैद्यकाकांचा सेट

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या शेजारच्या घरात राहणारे वैद्यकाका दिसेल त्याला थांबवून एकच प्रश्न विचारतात, "तुम्ही सेट कुठं कुठं वापरता जी?"

काका अमरावतीचे, शाळेत गणित शिकवायचे. काकू गेल्यावर मुलीनं त्यांना इकडे आणलं. आल्या आल्या नळ दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना त्यांना 'यू आर ऑल सेट', म्हणजे तुमचं काम झालं, असं म्हणाला. काका चक्रावले. नळ याने दुरुस्त केला, मग सेट मी कसा झालो? त्या दिवसापासून त्यांनी एक वही घातली. एकाच शब्दाची.

पोस्टवाल्या बाईनं त्यांना सांगितलं की सूर्यही सेट होतो. काका दिवसभर त्यातच होते. मला म्हणाले, "सूर्य सेट झाला म्हणजे बुडाला, अन् माणूस सेट झाला म्हणजे तरला. काय भाषा आहे बापा."

सरळच सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटायचा. मी इथं चौदा वर्षं आहे, दिवसभर ऑफिसात इंग्रजीच बोलतो. त्या पोस्टवाल्या बाईला माझं नाव माहीत नाही. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या वैद्यांना मात्र ती 'काका' म्हणते आणि गाडी थांबवून हाडं कशी सेट करतात ते सांगते.

एकदा मी डिक्शनरीतून सेटचे चाळीस अर्थ पाठ केले आणि मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणात, सगळ्यांसमोर म्हणून दाखवले. बाराव्या अर्थाला कुणीतरी कोशिंबीर कुठंय ते विचारलं. काका तेवढे शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "पुस्तकातले नाही चालत जी. माणसाकडून आला तरच लिहितो."

तेही मी सहन केलं असतं. पण माझी नऊ वर्षांची रिया, जी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देते, ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पळायला लागली. एकदा कुंपणापलीकडून तिचा आवाज आला. "काका, जेली सेट होते ना, म्हणजे ती थरथरायची थांबते." थरथरायची! हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. मी कचऱ्याचा डबा हातात धरून तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला संध्याकाळचा गणिताचा क्लास लावला. बायकोनं कारण विचारलं, तेव्हा मी रियाच्या भविष्याबद्दल बरंच बोललो.

आठवडाभरानं काकांच्या नावाचं एक पाकीट चुकून आमच्याकडे आलं. ते द्यायला सातच्या सुमारास गेलो. काका जेवणाच्या टेबलाशी एकटेच बसले होते. तीन ताटं मांडलेली, वाट्या, पेले, शेजारी घडी घातलेले रुमाल. मी म्हटलं, जेवायच्या वेळेला आलो वाटतं. ते म्हणाले, नाही, मुलगी हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून दहाला येते आणि जावई वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर असतो, तिथंच खातो.

"मग ही ताटं?"

"मांडतो रोज. मग उचलून ठेवतो."

टेबलावर वही उघडी होती. प्रत्येक अर्थापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिलेलं. पोस्टवाली डोना. बागेतला मेक्सिकन गडी. रिया, रिया, पुन्हा रिया.

"तिचा क्लास कसा चालू आहे जी?" त्यांनी विचारलं. मी चांगला म्हणालो. ते वहीकडे बघत म्हणाले, "मला इंग्रजी शिकून कुठं जायचंय? पण नुसतं 'बस बाई जरा' म्हटलं तर कोणाला वेळ असते? शब्द विचारला की माणूस दोन मिनिटं थांबते."

मी खुर्ची ओढून बसलो. घरी फोन लावला आणि बायकोला सांगितलं, रियाला इकडे पाठव, क्लास राहू दे.

ती धावतच आली. बूटही न काढता काकांच्या शेजारी बसली आणि मराठीत सुरू झाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. हेवा वाटलाच. मी एक ताट पुढ्यात घेतलं. काकांनी उठून मला वरण वाढलं, आणि तिचं बोलणं ऐकत मी सावकाश जेवलो.