सहाव्या मजल्यावरचं लँडिंग

"आज संध्याकाळच्या आत तुझं विमान खाली उतरवतो की नाही बघ!" मुलुंडमधल्या अठराव्या मजल्यावरच्या घरातून मधुकर चित्रे यांनी जाहीर केलं. स्वतः ते विमानात दोनदाच बसले होते, तेही डोळे घट्ट मिटून! पण उद्या मुलाची, यज्ञेशची, पायलटची परीक्षा होती. एकाच चुकीपायी तो दोनदा नापास झाला होता आणि ही शेवटची संधी होती.

चूक तरी केवढीशी! उंचावर असताना सगळ्या विमानांत उंची मोजायचं यंत्र एकाच ठरलेल्या दाबावर लावतात. उतरताना ठरावीक पातळी आली, की बटण फिरवून ते विमानतळावरच्या हवेच्या दाबावर आणायचं. नेमकं तेव्हाच कुणी बोलायला लागलं की यज्ञेश विसरायचा!

मधुकररावांनी गॅसच्या शेगडीचं बटण उपटून त्याच्या हातात दिलं. "लिफ्ट म्हणजे विमान. सहावा मजला आला की फिरव. मी मध्ये बडबड करतो."

त्यात ते मुळातच तरबेज! पहिल्या दोन खेपांना सोसायटीच्या गळक्या टाकीवर ते असे काही बोलले, की यज्ञेश थेट पार्किंगमध्येच शुद्धीवर आला.

तिसऱ्या खेपेला नवव्या मजल्यावर तिथं राहणाऱ्या शर्मिष्ठाकाकू भाजीची पिशवी घेऊन आत शिरल्या. मधुकररावांनी उलट आवाज चढवला, "खाली चाललोय! आता नाही फिरवलंस तर दोनशे माणसं गेली म्हणून समज!"

"अगं बाई! कोण गेलं?" काकू किंचाळल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं. सहाव्यापाशी हिसका देऊन लिफ्ट थांबली.

तेवढ्यात जिन्यावरून यज्ञेशच्या आईचा आवाज आला, "अहो, शेगडीचं बटण कुठंय? मागचा कॉक बंद केला मी, पण डाळीची वाट लागली ना!"

काकू रडायच्या बेतात, मधुकरराव बायकोला कारणं सांगताहेत, खालून वॉचमन ओरडतोय. एवढ्या गोंधळात यज्ञेशने शांतपणे बटण फिरवलं. "घाबरू नका काकू, दाब बदलला!"

मधुकररावांना भरूनच आलं. लिफ्ट सुरू झाल्यावर त्यांनी काकूंना सोडलंच नाही! त्यांना बरोबर घेऊन आणखी दहा खेपा केल्या. दहाही अचूक!

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "बाबा, पास झालो!"

"झकास! परीक्षक काय म्हणाले रे?"

"काम चोख आहे म्हणाले. फक्त..." यज्ञेश चाचरला, "उतरताना दरवेळी शेजारी बसलेल्या कॅप्टनना 'घाबरू नका काकू' का म्हणतोस, असं विचारत होते."