प्रमोदरावांनी झंपर बदलला

शीलाच्या भरतकामाच्या मशीनने गुरुवारी सकाळी सतराव्या टोपीवर मान टाकली, तेव्हा तिच्या नवऱ्याला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. प्रमोद रोकड्यांनी चेहरा प्रसंगाला शोभेल इतपत पाडला होता. पण मशीनला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडताना त्यांचे हात एखाद्या सर्जनच्या ऐटीत चालले होते.

"मदरबोर्ड गेला," त्यांनी जाहीर केलं. "कपॅसिटर फुगलेत बघ. अठ्ठ्याण्णव सालचा आहे, किती वर्षं ओढणार?"

"मग नवीन आणा."

"नवीन चालत नाही! मशीनचं कार्ड या लांब काळ्या स्लॉटमध्ये बसतं. आजकालच्या बोर्डांवर हा स्लॉटच नसतो. त्याच काळातला बोर्ड शोधायला पाहिजे, आणि तो पारखणारा माणूस पाहिजे."

"असा माणूस आता कुठे मिळणार?" शीलाने विचारलं.

प्रमोदराव खाकरले आणि शर्टाची कॉलर नीट करायला लागले.

एक काळ असा होता की अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कमी पैशात कॉम्प्युटर फास्ट करायचा असेल, तर लोक रविवारी सकाळी प्रमोद रोकड्यांच्या दारात उभे राहायचे. बाजारात आलेला प्रत्येक मदरबोर्ड प्रमोदराव तपासायचे आणि वहीत मार्क द्यायचे. टिकाऊपणाला दहा, स्लॉटना दहा, आणि शेवटचा, त्यांच्या काळजाचा रकाना म्हणजे 'खेच'. तीनशेचा प्रोसेसर बोर्डावरचा एक इवलासा जंपर बदलून साडेचारशेवर पळवायचा, याला ते खेचणं म्हणत. जो बोर्ड न कुरकुरता खेचला जाई, त्याला दहापैकी दहा. पुढे लॅपटॉप आले, मग सगळं मोबाइलमध्ये गेलं, आणि प्रमोदरावांचं मत लोकांनी विचारायचं सोडलं. केमिकल कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून तर त्यांना घरात एकच प्रश्न विचारला जाई, तो म्हणजे दूध आणलंत का.

या वेळी मात्र गोष्ट साधी नव्हती. वांगणी वॉरियर्स या क्रिकेट टीमच्या दीडशे निळ्या टोप्या शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. रविवारी टुर्नामेंट होती, सोळा टीम येणार होत्या, आणि टोप्या पसंत पडल्या तर सगळ्या सोळा टीमच्या कपड्यांचं काम शीलाला द्यायचं आयोजकांनी कबूल केलं होतं. शीला एकोणीस वर्षं एका कारखान्याच्या पॅकिंगमध्ये उभ्याने काम करत होती. तिचे गुडघे आता जिना बघूनच दुखायचे. "हे काम मिळालं की मी नोकरी सोडणार," असं ती एकदाच, कांदा चिरता चिरता म्हणाली होती. प्रमोदरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं होतं, पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात तेच चाललं होतं. बायकोच्या पायांना बसायला मिळावं, आणि त्यात आपला थोडा तरी हातभार असावा, एवढंच त्यांना हवं होतं.

उल्हासनगरात भंगारवाल्या भावेशच्या गोडाऊनमध्ये मदरबोर्डांचा ढीग छतापर्यंत गेला होता.

"साईं, किलोवर आहे," भावेश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "पाहिजे तेवढं भरून घ्या."

"मला एकच पाहिजे. पण पारखून."

"इधर कोण पारखतं? पिनांचं सोनं काढतात आणि बाकी फेकून देतात."

प्रमोदरावांना ते ऐकवलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, वर्तमानपत्र पसरलं आणि मांडी घातली. पहिल्या बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले निघाले. दुसऱ्याचा सेल गळून हिरवा झाला होता. तिसऱ्याचा लांब स्लॉट तुटका होता. चौथ्याला त्यांनी वास घेऊन बाद केलं.

"वास कशाचा घेताय?" भावेशने आता मोबाइल खाली ठेवला.

"जळालेल्या बोर्डाचा वास वर्षानुवर्षं जात नाही."

तेविसाव्या बोर्डाला प्रमोदराव थबकले. कपॅसिटर सपाट, लांब काळे स्लॉट तीन, आणि कोपऱ्यात तो पिटुकला जंपर. त्याच्याशेजारी वेगाचे दोन आकडे, सहासष्ट आणि शंभर. त्यांनी भावेशच्या टेबलावरच बोर्डाला वीज दिली. बोर्डाने एकच स्वच्छ 'पीप' काढली आणि प्रमोदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टिकाऊपणा आठ, स्लॉट दहा," ते पुटपुटले.

"आणि ते तिसरं? तुम्ही मघापासून काय ते खेच खेच बोलताय," भावेश म्हणाला. त्यालाही एव्हाना गंमत वाटायला लागली होती.

"ते घरी बघू," प्रमोदराव म्हणाले. सगळ्या घोटाळ्याचं मूळ या तीन शब्दांत होतं.

संध्याकाळी बोर्ड बसला आणि मशीन पहिल्यासारखं चालू झालं. शीला इतकी खूश झाली की तिने नवऱ्याच्या चहात जास्तीची साखर घातली. शुक्रवारी कामावर जाताना मात्र तिने दारातून बोट उगारलं.

"टोपी लावायची, हिरवं बटण दाबायचं, टोपी काढायची. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"अगं, मी काय लहान आहे का?"

तासभर प्रमोदराव खरंच शहाण्यासारखे वागले. एका टोपीला सहा मिनिटं लागत होती. म्हणजे अजून बारा तास. शीला उद्याची रजा टाकून दिवसभर या मशीनपुढे बसणार, तीही त्या गुडघ्यांनी. आणि इकडे शंभरची सोय असलेला बोर्ड बिचारा सहासष्टवर रखडतोय! हे त्यांना बघवेना. त्यांनी मशीन बंद केलं आणि चिमटा घेतला.

"काय रं करतोस?" पलंगावरून त्यांच्या आईने, गंगूबाईंनी विचारलं.

"काही नाही गं आई, जंपर बदलतोय."

गंगूबाईंचं वय एक्क्याऐंशी. त्यांच्या वेळी बायका ब्लाउजला झंपर म्हणत. पोरगा बायकोचा झंपर नीट करतोय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. दुपारी शीलाचा फोन आला, तोही त्यांनीच घेतला.

"आई, हे मशीनशी खेळत नाहीत ना?"

"न्हाई गं बाई. मघाशी झंपर बदलत हुता."

"झंपर? कोणाचा?"

"तुझाच आसंल की. हुक तुटलं आसंल."

पलीकडे शीलाला भरून आलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने सुईदोरा हातात घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. तिने पुढे काही विचारलं नाही.

इकडे मशीन सुसाट सुटलं होतं. टोपी चार मिनिटांत! प्रमोदरावांनी मोबाइलवर वेळ लावली, तीन टोप्या मोजल्या, आणि बोर्डाला तिसऱ्या रकान्यात दहापैकी दहा देऊन टाकले. पहिल्या टोपीचे टाके त्यांनी नखाने ओढून पाहिले. एकदम घट्ट. अक्षरं वाचायची गरज नव्हती, कारण तिथे काय लिहिलंय ते त्यांना माहीतच होतं.

गंगूबाईंना मात्र ते माहीत नव्हतं. साठीनंतर विहारातल्या साक्षरता वर्गात त्या वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून बिस्किटाच्या पुड्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत हाताला लागेल ते मोठ्याने वाचत.

"वांगी," त्या टोपी हातात धरून म्हणाल्या.

"फ्रिजमध्ये भेंडी आहे, आई."

"वांगी हाय ह्ये!"

"उद्या आणतो. आज भेंडी खा."

"मला काय करायचंय!" म्हणत गंगूबाईंनी टोपी ठेवली आणि भेंडी खाऊन झोपल्या.

संध्याकाळी शीला घरात शिरली तेव्हा सगळ्या टोप्या चळतीने रचलेल्या होत्या. शेजारी प्रमोदराव सत्काराला बसल्यासारखे बसले होते. तिने वरची टोपी उचलली. मग दुसरी. मग चळतीच्या मधली. मग ती खाली बसली.

"वाचा," ती म्हणाली.

"वांगणी वॉरि..." प्रमोदरावांनी चष्मा लावला. टोपीवर ठसठशीत अक्षरात 'वांगी वॉरियर्स' लिहिलं होतं.

झालं होतं ते सरळ होतं. शीलाच्या डिझाइनमध्ये 'वांग' झाल्यावर दोरा तोडायला एक थांबा होता, आणि त्या थांब्यात मशीन टोपी पुढे सरकवायचं. कॉम्प्युटर दीडपट पळायला लागल्यावर थांबा संपायचा, पण टोपी जागेवरच असायची. मग सुई बिचारी 'ण' काढायची, पण 'ग'च्याच डोक्यावर. दोन अक्षरं मिळून एक जाडजूड 'ग' तयार होई, आणि त्याला वेलांटी लागून वांगी. आधीच्या तीस टोप्या सोडल्या तर एकशेवीस टोप्यांवर एकशेवीस वेळा.

"तुम्ही झंपर शिवत होता ना?" शीलाने विचारलं.

"कुठला झंपर?"

मग सगळा उलगडा झाला. शीला ओरडली असती तर प्रमोदरावांना बरं वाटलं असतं. पण तिने गुडघ्यांना तेल लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्रमोदरावांनी गुपचूप जंपर परत सहासष्टवर नेला. आपण या बाईचं काय करून बसलो, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. शनिवारी कोऱ्या टोप्या कुठे मिळतात का ते पाहायला दोघं अंबरनाथ, उल्हासनगर पालथं घालून आले. तो निळा रंग कुठेच नव्हता.

चार वाजता टीमचे अध्यक्ष आणि टुर्नामेंटचे मुख्य आयोजक हरिचंद्र भोईर वांगणीहून गाडी घेऊन दारात हजर झाले. अंगाने आडवे, मिशा उभ्या.

"तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही," शीलाने नवऱ्याला बजावलं.

भोईरांनी टोपी हातभर लांब धरली. डोळे बारीक केले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"ह्या तुमाला कोनी सांगला?"

"काय, भाऊ?" शीला घाबरून म्हणाली.

"बाजूच्या शेलूची पोरा आमाला चार वरसा वांगी वांगी बोलतान! मैदानात उतरलाव की वांगी फेकतान! त्यांच्यातलाच कोन आलेला का इथं?"

प्रमोदरावांना राहवलं नाही. "कोणी नाही आलं, भाऊ. चूक माझी आहे. हिने बजावलं होतं हात लावू नका म्हणून, तरी मी मशीन खेचलं. डिझाइन तिचं, टाके तिचे, ते बघा किती घट्ट आहेत. काम कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण माझ्या गाढवपणावर हिची परीक्षा करू नका."

शीला नवऱ्याकडे बघत राहिली. भोईरांनी टोपी डोक्यावर चढवली, मोबाइलचा कॅमेरा उलटा करून स्वतःला पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली. आणि अचानक त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"आता बोला म्हनावा वांगी!" ते एवढ्याने हसले की गंगूबाई जाग्या झाल्या. "आमीच डोक्याव लिवून आलाव! आता चिडवतील कसा? आन् ह्यो ग बगा. कसा भरलेला हाय!"

रविवारी शेलूच्या पोरांनी वांगी फेकलीच. पण वांगणीच्या एका पोराने त्यातलं एक हवेत झेलून अंपायरकडे आऊटचं अपील केलं, आणि प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. टीम सेमी फायनलला हरली, पण लोक घरी जाईपर्यंत "वांगी! वांगी!" ओरडत होते. 'वांगणी' लिहिलेल्या शहाण्या टोप्या घ्यायला कोणी तयार होईना.

मंगळवारी भोईरांचा फोन आला. सोळा टीमच्या कपड्यांचं काम पक्कं झालं होतं. पण आधी गावासाठी अजून दोनशे टोप्या हव्या होत्या, तशाच, भरलेल्या 'ग'च्या.

शीलाने संध्याकाळी बसून डिझाइन बदललं. सुबक 'वांगी' काढली, 'ग' जाड केला आणि फोटो पाठवला. भोईरांचं उत्तर आलं, "ही वांगी बाजारातली वाटते, ताई. आमच्या शेतातली नाय." तिने 'ण' मुद्दाम 'ग'वर ठेवून पाहिला. तो शहाण्या मुलासारखा बरोबर मधोमध जाऊन बसला. तिने तो डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, चार टोप्या वाया घालवल्या. प्रमोदराव दाराआडून हे बघत होते, पण पुढे व्हायची त्यांची छाती होत नव्हती.

शेवटी तिने खुर्ची मागे ओढली.

"अहो, या इकडे."

"मी हात लावलेला नाही. शपथ."

"तेच तर. नीट करायला मला येतं हो, पण तुमच्यासारखं बिघडवायला नाही जमत. बदला तो झंपर."

"आपण रीतसर विचार केला तर," प्रमोदराव गंभीरपणे म्हणाले, "बोर्ड नेमून दिलेल्या स्पीडवरच..."

"बदला म्हणते ना!"

प्रमोदरावांनी चिमटा घेतला. मशीन सुसाट सुटलं, आणि चार मिनिटांनी पहिली टोपी उतरली. 'ग' जाडजूड, वेडावाकडा, थेट शेतातून तोडून आणल्यासारखा. शीलाने ती डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली आणि हसली. मग तिने प्रमोदरावांना मशीनपुढे बसवलं, पाय लांब केले, पर्समधून घडी केलेला राजीनामा काढला आणि तारखेची मोकळी जागा भरली.