उंबराला वळसा

"तुमच्या सख्ख्या भैनीकडं अकरा वर्षं गेलो नाय आपण. का, तर तिची गल्ली पुढं बंद हाय. आनी आता ठाकरवाडीत गाडी घालताय?" नफिसाने हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं.

"हळू बोल. गिऱ्हाईक बसलंय भायेर."

"बसू दे. त्याला पण कळू दे. चौकचा सगळ्यात मोठा मेस्त्री सोताची गाडी मागं घेऊ शकत नाय."

इद्रिसने घाईघाईने रेडिओ मोठा केला.

गोष्ट खरी होती. चौक गावात, जुन्या हायवेला लागून इद्रिसचं गॅरेज. चाळीस वर्षं ट्रक म्हणू नका, टेंपो म्हणू नका, नुसता आवाज ऐकून कुठला गिअर खराब झालाय ते सांगणारा माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या स्टुडबेकर मोटारीला रिव्हर्स नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्याने गिअरबॉक्स स्वतःच्या हाताने उघडला, दुसऱ्या कोणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि जोडताना असं काही जोडलं की मागे घ्यायला गेल्यावर गिअरचे दात फुटाण्यासारखे फुटले. अमेरिकेत ह्या गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना झालेला, सुटा भाग मिळणार कुठून? लेथवर करून घेता आला असता. पण लेथवाल्याला सांगणं म्हणजे खोपोलीपासून नेरळपर्यंत भोंगा लावून सांगण्यासारखंच. मग इद्रिसने साधा उपाय काढला. मागे जायचंच नाही.

त्यासाठी त्याने गॅरेजची मागची भिंत पाडली, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. त्यात नफिसाचे अळूचे वाफे गेले. पेट्रोल पंप असा निवडला, की जिथे गोल फिरून निघता येतं. दुकानासमोर उभी करायची तर उतार बघून, नाक वर करून, म्हणजे ब्रेक सोडला की गाडी आपली आपण मागे येते. लोक म्हणायचे, इद्रिसभाय गाडीला किती जपतो, कुठे दाटीत घालत नाही. इद्रिस मान डोलवायचा.

आता प्रश्न होता संध्याच्या लग्नाचा. संध्या म्हणजे कशेळ्याच्या पुढच्या ठाकरवाडीतल्या गोदाबाईची नात. करवंदं-जांभळांच्या दिवसांत गोदाबाई एसटीने चौकला यायची आणि गॅरेजच्या सावलीत पाटी मांडून बसायची. संध्याला आई नव्हती, म्हणून तीही सोबत. दुपारी गोदाबाई ढाब्यांवर फिरायला गेली की पोरगी स्टुडबेकरच्या मागच्या सीटवर झोपायची. सीटला जांभळाचे डाग पडले, ते इद्रिसने कधी काढले नाहीत. सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "चाचा, माझ्या लग्नाला ही गाडी येल?"

"येल तर. तुझ्या दारापर्यंत येल."

आता संध्या कर्जतला दवाखान्यात कामाला होती आणि तिचं लग्न पोशीरकडच्या वाडीतल्या हिरामणशी ठरलं होतं. पत्रिका द्यायला आली तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "चाचा, दारापर्यंत बोललावता तुमी."

तर दारापर्यंत जायलाच हवं होतं.

इद्रिस काही बिनडोक नव्हता. चार दिवस आधी तो स्कूटरवरून वाडी बघून आला. डांबरी रस्त्यावरून एक कच्ची वाट खाली उतरत वाडीच्या अंगणात जायची. अंगणात मधोमध मोठा उंबर. उंबराला वळसा घातला की गाडी आली तशी वर. त्याने पावलं टाकून जागा मोजली. एक वीत जास्तच भरली.

"बघ," घरी येऊन तो नफिसाला म्हणाला, "रिव्हर्सची गरजच नाय. उंबराला वळसा नि भायेर."

"गोदाबाईला सांगा खरं काय ते."

"मेस्त्रीनं सांगायचं, की माझाच गिअर माझ्या हातून गेला?"

नफिसाने फोन उचलला आणि ती आतल्या खोलीत गेली. इद्रिसला वाटलं, रुसली.

लग्नाच्या दिवशी दुपारी स्टुडबेकर वाडीच्या वाटेला लागली आणि पोरांची झुंड पुढे धावायला लागली. ह्या गाडीचं नाकच तसं आहे, विमानासारखं टोकदार, गोल. एक म्हातारा हात जोडून बाजूला सरकला. वाडीने वाटेतले धोंडे काढले होते, खड्ड्यांत मुरूम टाकला होता. संध्याचा काका कमळ्या, डोक्याला फेटा, तोंडात शिट्टी, हातवारे करत उलटा चालत होता.

"या, या. आजून. आजून पुढं या."

इद्रिस पुढे गेला. उंबर आला. त्याने वळसा घ्यायला स्टिअरिंग फिरवलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

वळशाच्या जागेवर मांडव उभा होता.

साधासुधा मांडव नाही. उंबरापासून घराच्या भिंतीपर्यंत, बांबू, आंब्याचे टहाळे, त्यामागे चुली मांडलेल्या. आणि मध्ये बरोब्बर गाडीएवढी जागा सोडलेली, झेंडूच्या माळांनी सजवलेली.

"खास तुमच्या गाडीचा मांडव," कमळ्या अभिमानाने म्हणाला. "म्हातारीनं सोता आखून दिलाय. घाला आत."

मागून दीडशे लोक ढकलत आलेले, पुढे फक्त मांडव. इद्रिसने गाडी आत घातली. बैल गोठ्यात जावा तशी ती बसली. डावीकडे उंबर, उजवीकडे भिंत, नाकासमोर मांडवाचा खांब.

"झालं समाधान?" नफिसा समोर बघत म्हणाली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, जेवणं बसली. इद्रिस भात नुसता चिवडत होता. तो सारखा मान वळवून वाटेकडे बघत होता. येताना जो उतार गोड वाटला, तो आता मागे चढ होऊन उभा होता.

जेवणं आटोपली तसा कमळ्या आला. "इद्रिसभाय, गाडी काढा. ऊन उतरायच्या आत पोचायचं म्हणतात पोशीरवाले."

"इंजिन गरम हाय."

"दोन तास उभी हाय ती."

"अमेरिकन हाय. लवकर थंड नाय होत."

कमळ्याने बॉनेटला हात लावून बघितला आणि तो चुलीकडे वळला. दहा मिनिटांनी परत आला. "आता?"

"नफिसा जेवली नाय आजून."

"मी दोनदा जेवले," नफिसा पलीकडून म्हणाली.

इद्रिसने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. नफिसा पानाला चुना लावत बसली.

मग इद्रिसने गोष्ट सांगायला घेतली. काहीतरी बोलत राहायला हवं होतं. "तुमाला ठाव हाय काय, ही गाडी कोणी बनवली? पाच भाऊ होते. लोहार. आपल्यासारखीच माणसं. तिकडं अमेरिकेत सोनं निघालं तसं सगळं जग फावडं घेऊन धावलं. ह्यातला एक भाऊ पण गेला. पण गडी हुशार. सोनं शोधलंच नाय. जे शोधत होते त्यांना एका चाकाच्या हातगाड्या बनवून दिल्या. सोनंवाले भुकेला लागले, ह्याच्याकडं पैसा आला. मग भावांनी घोडागाड्या काढल्या. मग मोटारी."

लोक ऐकत होते. एकाने विचारलं, "मग?"

"मग बंद पडली कंपनी. पण उसूल नाय सोडला. घोडागाडी मागं जाते काय? नाय जात. म्हणून ही पण..." इद्रिस थांबला. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसलं.

"ही पण काय?" कमळ्याने विचारलं.

"ही पण... मागं जायला राजी नसते."

"मंग खांब काढू दोन," कमळ्या म्हणाला. "पुढनं काढा."

"खांबाला हात लावशील तर बघ." गोदाबाई चुलीकडून बोलली. एवढीशी बाई, पण अंगण गप झालं. "पाचव्या दिशी उतरतो मांडव. आज नाय."

आता पोशीरवाल्यांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, म्हाताऱ्याला गाडी येत नाही. कोणी म्हणे, जीप मागवा, कुठे ह्या भंगाराच्या नादी लागता. भंगार हा शब्द इद्रिसने ऐकला. घरात बसलेल्या संध्यानेही ऐकला. ती दारात येऊन उभी राहिली, मुंडावळ्या सावरत. नुसती गाडीकडे बघत राहिली. जीप आली असती तर इद्रिसला परत तिला तोंड दाखवता आलं नसतं.

तेवढ्यात नवरदेव आला. हिरामण कशेळे-कर्जत शेअर जीप चालवायचा. त्याने खिडकीतून आत वाकून स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा बघितला. तीन जागांवर हाताने घासून चकचकीत झालेला, चौथ्या, रिव्हर्सच्या बाजूला धूळ. तो इद्रिसच्या कानाशी आला.

"चाचा, किती वर्सं झाली?"

"कशाला?"

"दात जाऊन."

इद्रिसने इकडेतिकडे बघितलं. "अकरा."

"माझ्या जीपचा दुसरा गेल्याला हाय," हिरामण आणखी हळू म्हणाला. "पयल्यातनं थेट तिसरा टाकतो. शेटला सांगितलं नाय आजून. पॅशिंजर म्हणतात, गाडी लय जोरात उडते तुझी."

मग तो सरळ उभा राहिला आणि फेटा नीट करत मोठ्याने म्हणाला, "ओ मंडळी, जीप कशाला? आपल्यात रीत हाय. नवरीला पाठ फिरवून नाय नेत. गाडी उलटी लोटत न्यायची, वरातीनं, हातानं. नवरीनं पुढं बसायचं, घराकडं त्वांड करून. घर दिसतंय तवर बघायचं."

पोशीरवाले एकमेकांकडे बघायला लागले. हिरामणचा मामा म्हणाला, "कवाची रीत ही? माझ्या लग्नाला..."

"तुमच्या लग्नाला गाडी व्हती काय, मामा?"

मामाने विचार केला. "नव्हती," तो म्हणाला, आणि धोतर खोचून पुढे आला.

गोदाबाईने नातजावयाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरी रीत हाय," ती म्हणाली.

मग जे काय झालं ते वाडी अजून सांगते. पंचवीस-तीस माणसं गाडीच्या नाकाला, मडगार्डांना भिडली. इद्रिस स्टिअरिंगवर, मान मागे वळवून. शेजारी संध्या, समोर काचेतून घराकडे बघत. मागे नफिसा पान चघळत. सव्वा टनाचं धूड चढावर हातभर जायचं, थांबायचं. कमळ्या शिट्टी मारून "हं" म्हणायचा, परत हातभर. वाजंत्रीवाल्यांना कळेना उलट्या वरातीपुढे चालायचं की मागे, त्यांनी दोन्हीकडे अर्धे अर्धे वाटून घेतले.

आणि गोदाबाई. ती ढकलत नव्हती. गाडीच्या टोकदार नाकावर हात ठेवून ती नातीकडे बघत नुसती चालत होती, आणि चालता चालता बोलत होती.

"खुराड्याचं दार मीच लावीन आता."

"आजे, कडीला सुतळी बांध. कडी ढिली हाय," आतून संध्या.

"बांधीन."

"रातीची गोळी इसरू नको. पांढरी."

"ध्यानात हाय. तू तिकडं लवकर उठ. सासूच्या आधी."

"सासू चारला उठते."

"मंग नगं उठू."

एरवी दोन मिनिटांची वाट. वर पोचायला पाऊण तास लागला. गाडी डांबरी रस्ता ओलांडून स्टॉपजवळच्या मोकळ्या जागेत आली. आता पुढे वळून निघायचं, बस. ढकलणारे घाम पुसत बाजूला झाले. इद्रिसने स्टार्टर मारला, इंजिन एका दमात सुरू झालं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. हिरामण सोडून कोणाला काही कळलं नव्हतं.

फक्त गोदाबाई नाकासमोरून हलेना. हात अजून तिथेच.

"इद्रिसभाय," कमळ्या ओरडला, "जरा मागं घ्या. म्हातारी सरकंल."

इद्रिसने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. सगळी वाडी, सगळे पोशीरवाले त्याच्याकडे बघत होते. काचेपलीकडे गोदाबाई त्याच्याकडे बघत होती. तिला काहीबाही सांगणं त्याला जमेना. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"गोदाबाय, मागं नाय घेता येत. रिव्हर्स नाय हिला. माझ्याच हातनं गेला."

"ठाव हाय," गोदाबाई म्हणाली.

"ठाव हाय?"

"नफिसानं सांगितलं फोनवर. म्हनून तर मांडव तिथं घातला." ती शांतपणे बोलत होती, जसा करवंदांचा भाव सांगावा. "बाकीच्या पोरी जीपमंदी बसतात नि धूळ खाली बसायच्या आत जातात. म्हटलं, ही गाडी अडकली तर पोर दोन घटका जास्त ऱ्हाईल. मला काय म्हाईत, एवढी लोटत न्याल."

इद्रिसने मागे वळून नफिसाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. त्याच्या तोंडात कडक शब्द आला होता. त्याने तो गिळला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

संध्याने दार उघडलं, उतरली आणि आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मामा रस्त्याकडेला बसला. कमळ्याने शिट्टी खिशात टाकली. कशेळ्याकडून एसटी आली, थांबली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला आणि मग काढून घेतला.

ऊन उतरलं तसं इद्रिसने परत खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"गोदाबाय, सरका आता. आमाला निघायला पायजे."