कारणाचा रकाना

आमच्या चौसाळ्यावरून विमान गेलं, की विश्वनाथअप्पा मान वर करतात, मनगटावरचं घड्याळ बघतात आणि खिशातली वही काढून लिहितात : 'दहा वाजून बारा मिनिटे. उत्तरेकडून दक्षिणेकडे. थांबा नाही.' शेवटचे दोन शब्द लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर असा राग असतो, जणू यांनी हात दाखवूनही वैमानिकाने गाडी दामटली.

अप्पा म्हणजे आमच्या बसस्थानकाचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. गावाच्या भाषेत कंट्रोलर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शिट्टी. अप्पा निवृत्त झाले, शिट्टी काही झाली नाही. स्थानकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यातली एक खुर्ची अप्पांची आहे. ती मी दिलेली नाही, त्यांनी घेतलेली आहे.

त्या खुर्चीत बसून ते माझ्या संगणकावर संसदेचं कामकाज बघतात. गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून ताटकळतं आणि अप्पा म्हणतात, "थांब बे, प्रश्नोत्तरं चालू हायेत." विषय एकच. परदेशी विमान कंपन्यांना आपल्याकडे किती येऊ द्यायचं. दोन देशांची सरकारं समोरासमोर बसून आठवड्याच्या शिटा ठरवतात, ही माहिती मला अप्पांकडून मिळाली. चौसाळ्यात झेरॉक्स काढायला तिचा मला अजून तरी उपयोग झालेला नाही.

मध्यंतरी एका आखाती कंपनीने हैदराबादला जादा थेट विमानं मागितली आणि आपल्या सरकारने नाही म्हटलं. त्या दिवसापासून अप्पांनी माझं डोकं खायला घेतलं.

त्याला कारण होतं कमळाआत्या, अप्पांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती मुलाकडे आखातात राहायला गेली. दर दिवाळीला यायचं म्हणते. पण सणासुदीला थेट विमानं केव्हाच भरून जातात आणि उरतात ती मध्ये दोनदा उतरून बदलायची. आत्याचे गुडघे घरातून अंगणात यायलाही कुरकुर करतात. जादा विमानं सुरू झाली तर ती भाऊबिजेला येणार, नाहीतर नाही. अप्पांचं सगळं परराष्ट्र धोरण एवढ्यावर उभं होतं.

मंत्रीमहोदय सभागृहात उठून म्हणाले, "हा निर्णय राष्ट्रहित लक्षात घेऊन करण्यात आला आहे." अप्पा पडद्यासमोर बोट नाचवत उखडले, "हे कारण न्हाई बे, हा शेरा हाय!"

हा त्यांचा ठरलेला डायलॉग. स्थानकाच्या नोंदवहीत दोन रकाने असायचे, एक कारणाचा, एक शेऱ्याचा. खिशातल्या वहीतही त्यांनी तेच आखलेत. "शेरा कुनीबी मारतंय," अप्पा सांगतात, "कारण लिव्हायला अक्कल लागती." माझ्या बायकोने एकदा "दमलेय" म्हणून चहा करायचं नाकारलं, तर तिलाही त्यांनी हेच ऐकवलं. त्यानंतर तिने आठ दिवस चहा दिला नाही, आणि कारणही दिलं नाही.

सरकारची चौकशी करायला दिल्लीत समिती बसते हे कळल्यावर अप्पांनी माझ्या दुकानापुढच्या बाकावर आपली एक बसवली. अध्यक्ष अप्पा, सचिव मी. साक्षीला पहिला आला शेळ्यांचा व्यापारी.

"परदेशी विमानाला हैदराबादेत जादा थांबा द्यावा का?"

"नेकनूरला द्या की," तो म्हणाला, "तितं बाजार भरतोय."

अप्पांनी साक्ष नोंदवून घेतली. केशकर्तनालयवाल्याने मात्र अध्यक्षांनाच विचारलं, "अप्पा, तुमी जल्मभर काळीपिवळी जीप स्टँडात येऊ दिली न्हाई. आन् आता अरबाचं इमान येऊ द्या म्हणताव?" अप्पांनी कामकाज तहकूब केलं. ते माझ्या लक्षात राहिलं.

कारण ते खरं होतं. खाजगी वाहनांनी आत येऊ नये म्हणून स्थानकाच्या तोंडाशी अप्पांनी चुन्याची रेघ मारली होती. दर पोळ्याला ते ती स्वतः नव्याने मारतात, अजूनही.

मग एका लग्नात त्यांनी खासदारांना गाठलं. बाकीचे रस्ता मागत होते, कुणी बदली मागत होतं. अप्पांनी आखाताच्या विमानांच्या आठवड्याच्या शिटा मागितल्या. खासदारांनी स्वीय सहायकाकडे बघितलं आणि सहायकाने मांडवाकडे. पण माणूस सज्जन निघाला. मी टाइप केलेला अर्ज खिशात घातला आणि पुढच्या अधिवेशनात खरंच प्रश्न विचारला. लेखी उत्तर आलं. मी ते छापून अप्पांच्या हातात दिलं.

'सध्याच्या शिटा पुरेशा आहेत. निर्णय राष्ट्रहितात घेतला आहे.'

मला वाटलं, आता शिट्टी वाजेल. अप्पा उठून घरी गेले आणि एक जुनी, वाळवी लागलेली नोंदवही घेऊन परत आले. एका पानावर बोट ठेवलं. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात होतं : 'गाड्या पुरेशा आहेत. खाजगी वाहनास मज्जाव. प्रवासीहितार्थ.'

"ह्याच्याच शेजारी त्या उत्तराचं झेरॉक्स ठिव," अप्पा म्हणाले. "येकच मास्तर दिसतोय दोघांचा."

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. त्या नोंदीच्या दिवशी सणाची गर्दी होती. केजची गाडी खच्चून भरून गेली होती, पुढची दोन तासांनी. काळीपिवळीवाल्या मैनूभाईने जीप रेघेच्या आत घातली, म्हणून अप्पांनी किल्ली काढून घेतली आणि खणात टाकली. तेवढ्यात कमळा खिडकीशी आली. केजच्या पुढे युसूफ वडगावला दोघांची आई शेवटच्या घटका मोजत होती.

"म्हनली, दादा, आई वाट बघती, सोड की त्याला. मी म्हनलं, पुढच्या गाडीनं संगं जाऊ. बाकावर बसली उन्हात. आमी पोचलो तवा आई गेलती, खाली घेतलं होतं तिला." अप्पांनी चष्मा पुसला. "कमळी आजपतूर येका शब्दानं बोलली न्हाई. ती आली की सांगनार होतो, चुकलं म्हनून. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती."

मला रडू आलं. मी झेरॉक्सचं झाकण उगाच उघडलं, मिटलं.

चष्मा परत चढवून अप्पाच म्हणाले, "पासपोर्टचा फॉर्म हाय का तुझ्यात?"

"कशाला?"

"भाऊबिजेला भावानं जायाचं असतंय बे. मी उगं सरकारच्या मागं लागलो. तिचे गुडघे गेल्यात, माझे हायेत अजून. दोनदा काय, चारदा उतरंन."

निघायच्या दिवशी घाटनांदूरहून हैदराबादची रेल्वे गाठायची होती, आणि नेमका हायवेवर रास्ता रोको. केजची बस त्यात अडकली. अप्पा पिशवी मांडीवर घेऊन कमळाआत्या त्या दिवशी बसली होती त्याच स्थानकातल्या बाकावर बसले होते आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

बाहेर मैनूभाई जीपला टेकून उभा होता. पुढचं चाक रेघेपासून बरोबर एक वीत मागे. त्याने हाक मारली, "अप्पा, आतल्या रस्त्यानं पोचवतो. तुमी हितवर चालत येताव का?"

अप्पा उठले. गळ्यातली शिट्टी वाजवली आणि दोन्ही हातांनी इशारा केला, भरलेल्या गाडीला फलाटावर घेतात तसा.

"आत घे."

मैनूभाई हलेना. "आत? क्या बोलते अप्पा?"

"घे म्हनलं न्हवं!"

चुन्यावरून चाकं गेली. पुढच्या सीटवर बसून अप्पांनी खिशातली वही माझ्याकडे फेकली. "नोंद कर. खाजगी वाहन स्थानकात घेतलं."

"कारण काय लिहू?"

"लिही, बहीण वाट बघती."

मी लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला मागे धावलो, पण जीप नेकनूरच्या वाटेला लागली होती. तो रकाना कोराच ठेवला.