धाकू तांडेलाच्या काळ्या मिशा

आमच्या वाडीतला धाकू तांडेल चहा प्यायला की बशीच्या काठाला काळी रेघ उमटायची. करवंटी जाळायची, तिची काजळी खोबरेल तेलात कालवायची आणि मिशांना, भुवयांना, उरल्यासुरल्या केसांना फासायची, हा त्याचा सकाळचा उद्योग. वैशाखात ती वितळून गळ्यापर्यंत उतरायची, तरी गडी ताठ. मी आणि तो एका वयाचे. माझं डोकं पांढरं, ते मी कधी लपवलं नाही.

"मेल्या, सुकती लागली तुका," मी म्हणायचो. "लोकांका फसवशीत, गुडघ्यांका काय सांगशीत?"

"तुझी सुकती तुझ्याकडे ठेव. माझी अजून भरतीच आसा."

हे त्याचं ठरलेलं. देवळात कुणी वडीलधारा म्हणून पुढे बसवू लागलं की हेच म्हणायचा आणि तरण्या पोरांत जाऊन बसायचा. उभी हयात मुंबईपर्यंत मालाचा शिडाचा पडाव हाकलेला माणूस, त्याला कोण अडवणार?

पण खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या पुढे तो कुणाला घरात घेईना. बायको राधाबाय दिसेनाशी झाली. विचारलं तर, "तिका बरां नाय." त्यात तो शिरोड्याच्या गाडीची वाट बघताना दिसला. झालं. म्हाताऱ्याने शिरोड्याला दुसरी बायको बघून ठेवली, असं वाडीत ठरलं. मीही तेच म्हणालो. दार लावून मिशा रंगवणाऱ्याबद्दल दुसरं काय समजायचं? तो तिथे वैद्याकडे जायचा, हे मागाहून कळलं.

त्या साली जत्रेत तंबूतला सिनेमा आला. तंबूवाल्याला मराठी पिक्चर मिळाला नाही, म्हणून त्याने इंग्रजी लावला. बोलणं कुणाला कळेना, पण गोष्ट कळली. एक म्हातारा केसांचा टोप घालून तरणा होतो आणि घरची माणसं त्याच्यावर पाळत ठेवतात. तंबू हसून हसून लोळला, आणि जो तो धाकूकडे बघू लागला. धाकू हसला नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्याची बायल खंय आसा, ता कोणी दाखवूकच नाय."

जत्रेला आलेल्या मुंबईकरांनी ही लग्नाची बातमी त्याच्या मुलाच्या, वसंताच्या कानावर घातली. तो गोदीतली नोकरी टाकून धावत आला, तो माझ्याकडेच.

"काकानू, तुमी वांगडा चला. आवशीक मी मुंबयक नेतंय."

त्याच्या आईला न्यायचं, म्हणून सोबत गेलो. धाकू नुकताच विहिरीवरून न्हाऊन आला होता. मिशा पांढऱ्याफेक. इतक्या वर्षांत मी त्या पहिल्यांदा पाहिल्या.

"बाबा, तुमी काय ता लगीन करा," वसंत म्हणाला. "आवस माझ्याबरोबर येतली."

"कोणाचा लगीन?"

तेवढ्यात राधाबाय स्वयंपाकघरातून बाहेर आली. धाकूला बघताच तिने पदर कपाळावर ओढला आणि दाराआड सरकून खाली बघत म्हणाली, "मामांनू, ह्यांचो पडाव अजून येवक नाय काय हो?"

धाकूचा बाप वारून जमाना झाला होता. ती धाकूलाच सासरा समजत होती.

"येतलो गो," धाकू शांतपणे म्हणाला. "वारो बरो आसा. आता येतलो." आणि मागीलदारी गेला.

परत आला तो काळा होऊन. तिचा पदर खांद्यावर आला. "इलात? इतके दिस खंय होतात? निरोप नाय, काय नाय. हंय एकटी बायलमाणूस मी किती बघू?" ती बोलतच सुटली. ज्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चुकलंय गो."

ती पाणी आणायला आत गेली, तसा तो वसंताकडे वळला. "पांढरो दिसलंय तर ती जेवूक वाढता, पण बोलणा नाय. माझ्याच घरात मी माझो बापूस होऊन रवतंय. तू तिका मुंबयक नेलस, तर ती थंय कोणाची वाट बघतली? आणि माका तरी कोण विचारतला, खंय होतात म्हणान?"

राधाबाय तांब्या घेऊन आली आणि वसंताला निरखून बघू लागली.

"ह्यो खलाशी नवो दिसता."

धाकूने मुलाकडे बघितलं. वसंताने ओठ आवळले.

"व्हय," तो म्हणाला. "नवोच आसंय."

"मगे बस जेवक. ह्येंका पोरांच्या पोटाची कधी आठवण ऱ्हवता?"

तिने त्याच्यापुढे भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. तो जेवायला बसला. आणखी भात घालता घालता तिने विचारलं, "घराकडे आवस आसा मां रे?"

"आसा," वसंत म्हणाला, आणि ताटावरची मान काही त्याने वर केली नाही.