तांता शहरच्या अठरा फुटी फ्रिजाची फत्ते

एका यंत्रामागें नफा दोनशें पौंड. यंत्रें विकावयाचीं एकशें चाळीस. एकूण जमा अठ्ठावीस हजार पौंड. आणि अठ्ठावीस हजार पौंडांस मिसर देशीं तांता शहरचे पेठेंत अठरा फुटी, बर्फ न धरणारा, दोन दारी फ्रिज येतो, ना पौंड कम ना पौंड जास्त. आणि फ्रिज आला तर अफाफ येते. हा हिशेब राजमान्य राजश्री शौकी अफंदी, पाटबंधारे कचेरींतील तिसरे कारकून, वय एकतीस, यांनीं वीजबिलाचे पाठीवर पेन्सिलीनें मांडिला. तेथून पुढें जें रण माजलें त्याची साद्यंत हकीकत, ज्यांनीं डोळां पाहिली आणि ज्यांनीं पोटभर खाल्ली त्यांजकडोन पुसोन, येथें दाखल केली आहे. वाचणारांनीं चूकभूल द्यावी घ्यावी. लिहिणारानें फक्त घेतली आहे.

तरी मूळ कारण ऐसें. शौकी अफंदींची सोयरीक बरकात नाझर यांचे कन्येशीं, अफाफेशीं, ठरोन चार वर्षें लोटलीं होतीं. बरकात नाझर म्हणजे मुलांचे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. व्याकरणांत प्रवीण, खर्चांत त्याहून प्रवीण. चार वर्षांत शौकीनें सोनें घातलें, दोन खोल्या रंगविल्या, पलंग आणिला, चूल आणिली, आणि मग द्रव्य सरलें. तेव्हां नाझरांनीं दरबार भरवोन फर्मान काढिलें कीं, बकरी ईदेचे आंत फ्रिज घरीं उभा राहिला तर निकाह, न राहिला तर सोनें परत आणि सोयरीक मोडली; मन्सूरा शहरचा एक दंतवैद्य स्थळ म्हणोन विचारणा करीत आहे. ईदेस दिवस राहिले छत्तीस. कारकुनाचा पगार छत्तीस दिवसांत फ्रिजाचे दारापर्यंतही पोहोंचत नव्हता.

मग शौकीनें अफाफेशीं फोनावरोन मसलत केली. अफाफ बँकेंत रोखपाल, नोटा मोजण्यांत बोट चालतें तैसें डोकें चालतें. तीस त्यानें निवेदन केलें कीं, मोबाइलचे पडद्यांत जी मोठी पेठ भरते तेथें दुकान मांडावयास ना जागा लागे, ना माल लागे, ना भांडवल. गिऱ्हाइकानें मागणी नोंदावी, घाऊकवाल्यानें माल धाडावा, दारांत रोकड घ्यावी, आणि मधल्यामध्यें आपण असावें.

"मधल्यामध्ये असण्यात तू वाकबगार आहेसच," अफाफ म्हणाली. "चार वर्षं माझ्या आणि बाबांच्या मधोमध उभा आहेस. विकणार काय?"

"मुलुखिया चिरायचं यंत्र."

यावर ती बोलली कीं, हें जमेल.

कारण तांता प्रांतीं उन्हाळा लागला कीं घरोघर मुलुखियेचें हिरवें कालवण शिजतें, आणि तो पाला बारीक करावयास बायका दोन मुठींची चंद्रकोरी सुरी घेऊन तासभर डोलतात, आणि खांदे धरतात, आणि मग नवऱ्यास बोलतात. कैरोचे अतबा पेठेंत हाजी शहाता नामें घाऊकवाले, स्वभावानें गोड, वसुलीनें कडू, यांजकडे तीन पात्यांचें विजेचें यंत्र तीनशें दहा पौंडांस होतें. शौकीनें विक्री पांचशें साठ धरिली. पडदापेठेचा कर वीस, पोहोंचवणावळ तीस. बाकी दोनशें निर्मळ. हाजींनीं उधारीवर माल द्यावा आणि दर आठवड्यास रोकड घ्यावी ऐसा तह जाहला. पोहोंचवणावळीचे कामीं शौकीचे मामा दुसूकी, टुकटुक हांकणारे, रिक्षेहून लहान त्या वाहनासह रुजू जाहले. दुकानास "नीलरत्न भांडार" ऐसें नांव दिलें, कारण शौकीचें नांव लाविलें असतें तर कचेरींतील साहेबानें एक यंत्र फुकट मागितलें असतें.

आतां जो घात जाहला तो ऐकावा.

शौकी अफंदी संस्कारी घरचे. तांता शहरीं दस्तूर ऐसा कीं, गिऱ्हाइकानें किंमत पुसली कीं दुकानदारानें छातीवर हात ठेवोन म्हणावें, अहो हिशेब कसला, राहूं द्या, आमच्याकडून समजा. गिऱ्हाइकानें म्हणावें, नाहीं नाहीं. ऐसें तीन वेळ व्हावें आणि मग पैसे मोजावे. न्हावी ऐसें म्हणतो, खाटीक म्हणतो, दात उपटणारा देखील म्हणतो. जो म्हणत नाहीं तो उद्धट, आणि जो खरेंच फुकट नेतो त्याचें नांव सात गल्ल्यांत निघतें. पडदापेठेंत तर गिऱ्हाइकांस आपोआप उत्तर देणारा यंत्रलेखक नेमितां येतो. तेव्हां शौकीनें विचार केला कीं, मुलुख परका असला म्हणोन आपण रीत कां सोडावी; आणि यंत्रलेखकास आज्ञा केली कीं, पैशाविषयीं कोणी कांहीं लिहिलें कीं उत्तर जावें: "अहो हिशेब कसला, राहू द्या, आमच्याकडून समजा."

परंतु यंत्रलेखकास थांबणें ठाऊक नव्हतें.

पहिले दिवशीं चव्वेचाळीस खोकीं घेऊन दुसूकी मामा सकाळीं स्वारीवर निघाले आणि मावळतीस परतले. टुकटुक रिकामें, मामांचा खिसा त्याहून रिकामा. आंत पांचशें साठ पौंड मात्र, तेही एका वाचतां न येणाऱ्या आजीचे.

शौकी म्हणाला, "मामा, बाकीचे पैसे?"

"कसले पैसे, भाच्या? बायांनी मला फोन दाखवले. प्रत्येकीनं तीन वेळा नाही नाही लिहिलंय, आणि तुझं दुकान चौथ्यांदा राहू द्या म्हणतंय. एकीनं तर सहा वेळा नको म्हटलं, बिचारी दमली. आता चौथ्यांदा आग्रह झाला म्हणजे ते दान झालं. लहान पोरालाही कळतं."

"अहो पण ते यंत्र बोलत होतं."

"बोलत तुझ्या नावानं होतं ना? मग मी मध्ये तोंड घालून घराण्याची अब्रू घालवू? उलट मी आणखी दोघींना ईदेच्या आगाऊ शुभेच्छा देऊन आलो."

ऐसे प्रकारें त्रेचाळीस यंत्रें एकाच दिवशीं धर्मादाय झालीं. शौकीनें यंत्रलेखकास तत्काळ बडतर्फ केलें, परंतु गेला तीर भात्यांत येत नाहीं. हाजी शहाता यांस वार्ता पोहोंचली, आणि त्यांचें फर्मान फोनावरोन आलें कीं, त्रेचाळीस यंत्रांचे तेरा हजार तीनशें तीस पौंड शनिवारपर्यंत पोहोंचावे, नाहीं तर रसद बंद. बेटा, तूं मला मुलासारखा, म्हणोन शनिवार दिला, परका असतास तर शुक्रवार होता. रसद बंद म्हणजे यंत्रें बंद, यंत्रें बंद म्हणजे फ्रिज बंद, आणि मन्सूरेचा दंतवैद्य घोड्यावर.

पैसे माघारी मागावे तर स्वतःचा लेखी शब्द मोडतो. न मागावे तर अफाफ जाते. शौकी रात्रभर वीजबिलाकडे पाहत बसला. सकाळीं अफाफेनें पुढील मसलत दिली, ती तिचेच शब्दांत लिहितों, कारण तींत सुधारण्याजोगें कांहीं नाहीं.

"पैसे मागायचे नाहीत. दिलंय ना आपण? मग उद्या शुक्रवार, मुबारकबाद द्यायला जायचं. नवी वस्तू घरात आली की लोक जातातच. तुझी आई, मावशी, इन्साफताई आणि तिची चारी पोरं, मामा आणि तू. नऊ जण. नमाज सुटल्यावर, बरोब्बर जेवणाच्या वेळी. त्या म्हणतील, जेवून जा."

"आणि आपण म्हणायचं, नाही नाही."

"शौकी," ती म्हणाली, "तेवढं सोडून काहीही म्हण."

मग शुक्रवारीं दीड वाजतां टुकटुकावर नऊ असामी चढल्या, त्या कशा मावल्या हें मामांस आणि ईश्वरास ठाऊक. आणि पहिला वेढा औषधवाल्याचे कुटुंब अत्तियातबाई यांचे घरास पडला. शौकीचे मातुश्रींनीं यंत्रास डोळे भरोन पाहिलें, यंत्रावरोन हात फिरविला, घरादारास मुबारक म्हटलें आणि सोफ्यावर बैठक मारिली. अत्तियातबाई रीतीप्रमाणें बोलल्या, "आता जेवूनच जा."

"बरं," मातुश्री म्हणाल्या.

ऐसा शब्द त्या घरांत पूर्वीं कोणी ऐकिला नव्हता. अत्तियातबाईंनीं दुसऱ्या नकाराची वाट पाहिली, परंतु पहिलाच आला नव्हता. दोन ससे, परातभर भात आणि मुलुखियेचें सबंध पातेलें अर्ध्या तासांत खर्ची पडलें. धाकट्या पोरानें विचारिलें कीं गोड काय आहे, आणि तेंही आलें.

दुसरा वेढा एका निवृत्त पोलीस जमादाराचे घरास. तेथें बदक पडलें. मावशी घायाळ होऊन भिंतीस टेकल्या, मामांनीं पट्टा दोन भोकें ढिला केला, परंतु मातुश्री तिसऱ्यांदा वाढोन घेत होत्या आणि म्हणत होत्या, "मुलासाठी आईला काय काय करावं लागतं."

मग टुकटुक तिसरे दारीं थांबलें. दार बरकात नाझरांचें होतें.

"मामा, इथं कुठं आणलंत?"

"यादीत आहे की. बहीगाबाई, पहिला मजला."

शौकीस चार वर्षांत होणाऱ्या सासूबाईंचें नांव ठाऊक नव्हतें. त्यांस सारे उम्म अफाफ म्हणत, म्हणजे अफाफेची आई. बाईचें नांव चारचौघांत घेण्याची रीत नाहीं, आणि नाझर तर स्वतःचें देखील बेतानें घेत. माघार घ्यावी तों नाझरांनीं घरगुती झग्यांतच दार उघडलें.

"अरे, जावईबापू. एवढा लवाजमा? फ्रिज वाहून आणलात की काय?"

"यंत्राची मुबारकबाद द्यायला आलो," मातुश्री म्हणाल्या आणि आंत शिरल्या.

नाझर प्रसन्न जाहले. म्हणाले, "बघा तर खरं. कोणी नीलरत्न म्हणून गाढव आहे, फुकट वाटत सुटलाय. मी तीन वेळा नकार लिहिला, शुद्ध भाषेत, विरामचिन्हांसह. चौथ्यांदा म्हणतो राहू द्या. मग ठेवलं. माणसानं कोणाचं मन मोडू नये. शौकी, तुझा चेहरा का उतरलाय? जेवून जा सगळे."

"बरं," मातुश्री म्हणाल्या, परंतु आवाज क्षीण होता.

स्वयंपाकघराचे दारांत अफाफ पळी घेऊन उभी होती. तिनें शौकीकडे पाहिलें आणि त्याचे ताटांत इतकी मुलुखिया वाढिली कीं, त्यास त्या क्षणीं सारें उमगलें: यादी तिनें पूर्वींच वाचली होती. शौकीनें निमूट सारी संपविली. नाझरांचे घरीं त्या दिवशीं महिन्याचा भात सरला.

इकडे अत्तियातबाईंनीं मोहल्ल्याचे व्हॉट्सॲपवर जासुदी खलिता सोडिला होता: "नऊ माणसं आहेत. टुकटुक हिरवं आहे. तुमच्या घरी पोहोचायच्या आत यंत्राचे पैसे भरून टाका." तो गल्लोगल्लीं फिरला. सायंकाळपर्यंत चाळीस घरांतून पांचशें साठ, पांचशें साठ ऐसे फोनावरोन येत राहिले. एका बाईनें तर सोबत लिहिलें कीं, आम्ही द्यायचेच म्हणत होतों, परंतु तुमचें दुकान ऐकेना. जीं तीन घरें जेवूं घालून बसलीं होतीं त्यांनीं मात्र छदाम दिला नाहीं, आणि तें रास्तच होतें.

शनिवारीं हाजी शहातांचा भरणा जाहला, रसद पुन्हां वाहती जाहली, आणि ईदेस तीन दिवस असतां एकशें चाळीसावें यंत्र पोहोंचलें. हातीं शिल्लक सव्वीस हजार तीनशें वीस. फ्रिजास उणे एक हजार सहाशें ऐशीं. म्हणजे तीन यंत्रें, तीन जेवणें.

तरीही स्वारी फ्रिजाचे दुकानीं गेली. नाझर तपासणीस आले होते. त्यांनीं फ्रिजांत डोकें घालोन आवाज देऊन पाहिला, दार बारा वेळ लाविलें, आणि आंतला दिवा दार लावल्यावर विझतो कीं नाहीं याविषयीं दुकानदारास जबाबदार धरिलें. शौकीनें नोटा मोजिल्या, घसा खाकरिला, आणि उरलेले महिनाभरानें देतां येतील का ऐसें पुसलें.

दुकानदार छातीवर हात ठेवोन म्हणाला, "राहू द्या हो पाशा, दुकान तुमचंच आहे," आणि नोटांवरील बोट काढिलें नाहीं.

आतां चारचौघांत दुकानदार ऐसें बोलल्यावर मुलीचे बापानें स्तब्ध राहणें अब्रूस शोभेना. नाझरांनीं खिशाकडे हात नेला. आंत नाहीं, नुसता कडेनें. "थांबा, थांबा. माझ्या लेकीचं घर आहे. वरचे मी देतो."

"नाही नाही, नाझरसाहेब," शौकी म्हणाला.

"अरे देतो म्हणतो ना."

"छे छे, तुम्ही कशाला."

"मी देणार. विषय संपला," नाझर म्हणाले, आणि तिसऱ्या नकाराची वाट पाहत उभे राहिले.

तेव्हां अफाफेनें टाचेनें शौकीचा अंगठा दाबिला. शौकीनें तोंड उघडलें होतें तें मिटलें, आणि वरतीं पंख्याकडे पाहिलें. पंखा फिरत होता. दुकानदारानें पावतीपुस्तक उघडलें. ऐसी स्तब्धता तांता शहरीं पूर्वीं कोणी ऐकिली नव्हती. मग शौकी नम्रपणें म्हणाला, "देव तुमचं भलं करो."

नाझरांनीं डावा खिसा पाहिला, उजवा पाहिला, चष्म्याचें घर देखील पाहिलें, आणि अखेरीस आंतल्या खिशांतोन पाकीट निघालें, जें उजेडास आल्यानें डोळे चोळीत होतें.

येणेंप्रमाणें ईदेचे दोन दिवस आधीं फ्रिज घरीं उभा राहिला, मन्सूरेकडे नकार रवाना जाहला, निकाहाची तारीख पडली, आणि फत्ते जाहली, ती येथें रीतसर नोंदिली असे. फ्रिजाची किंमत अठ्ठावीस हजार. पैकीं शौकी अफंदी, सव्वीस हजार तीनशें वीस. बाकी अत्तियातबाईंचें यंत्र पांचशें साठ, जमादारांचें पांचशें साठ, बहीगाबाईंचें पांचशें साठ, एकूण एक हजार सहाशें ऐशीं: भरणा हस्तें बरकात नाझर, रोख. नाझरसाहेब आलेल्या गेलेल्यांस यंत्र दाखवितात आणि सांगतात कीं, फुकट मिळालें.