पूर्णविराम आला, ब्रेक दाब!

“ज्या माणसाला आपला उजवा हात कुठला हे जेवायला बसल्यावर आठवतं, त्याला मी भर बाजारातून गाडी उलटी काढायला शिकवलंय! पोरीला वाचायला शिकवणं म्हणजे काय मोठा डोंगर उचलायचाय?”

असं म्हणून मास्तरांनी छाती फुगवली आणि चहाचा कप खाली ठेवला. बशीत नव्हे, बशीच्या शेजारी, थेट टेबलक्लॉथवर. पण फुशारकी मारताना माणसाला बशी दिसत नाही.

हे मास्तर शाळेतले नव्हेत हं! गाडी शिकवणारे. ते बसतात त्या डाव्या सीटच्या पुढे, पायाखाली, एक जादा ब्रेक होता. शिकणाऱ्याच्या मनात चूक यायचा अवकाश, की मास्तरांचा पाय ब्रेकवर! त्या एका पायावर त्यांची सगळी कीर्ती उभी होती. आजवर त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता आणि हे ते कोणी न विचारताही सांगत.

समोर साडू बसले होते. साडूंचा मुलगा आणि मास्तरांची मुलगी एकाच वर्गात. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. साडूंच्या मुलाला कोणी काही म्हणत नसे, कारण तो सतत वाचत असे आणि कोणी काही म्हटलं तरी त्याला ऐकू जात नसे. निदान साडूंचं म्हणणं तरी तसं होतं.

“परवा आमचा शब्दकोश वाचत बसला होता,” साडू म्हणाले. “म्हटलं, अरे बाळा, ताट वाढलंय! तर म्हणतो, थांबा बाबा, आत्ताच कुठे ‘ग’ संपलाय!”

झालं! मास्तर पेटले. पंधरा दिवसांनी शाळेत वाचनमेळा होता. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचं पुस्तक आईबापांसमोर वाचून दाखवायचं.

“मेळ्यात आमची भिंगरी अशी वाचेल, अशी वाचेल, की तुमचा चिरंजीव शब्दकोश मिटून ऐकत बसेल!” मास्तर गरजले.

आत स्वयंपाकघरात मास्तरांच्या बायकोने कपाळावर हात मारला. तो बाहेर ऐकू आला.

खरं सांगायचं तर भिंगरीचं वाचन छान चाललं होतं. रोज झोपायच्या आधी मायलेकी पलंगावर आडव्या व्हायच्या. भिंगरी अक्षराखाली बोट धरून रमतगमत वाचायची, आई मधूनच अस्वलाचा आवाज काढायची. पुस्तक होतं एका अस्वलाचं. ते जंगलात केस कापायचं दुकान काढतं, तिथे सिंह आयाळ नीट करून घ्यायला येतो आणि खुर्चीतच घोरायला लागतो. मायलेकी दोन ओळी वाचायच्या आणि चित्र बघून दहा मिनिटं हसायच्या. पण बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि नेमकी आता तिची संध्याकाळची पाळी लागली.

“काळजी सोड!” मास्तर तिला म्हणाले. “नाहीतरी तुझ्या शिकवण्याला शिस्त नाही. पोरगी मध्येच हसते काय, चित्रं काय बघते! रस्त्यावर चालेल का असं?”

“तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंत हो?”

“वाहतुकीचे नियम! अजून तोंडपाठ आहेत!”

पहिल्याच संध्याकाळी मास्तर लेकीच्या डाव्या बाजूला बसले. सवयच ती.

“सरळ बस. पुस्तक दोन्ही हातांनी धर. स्वल्पविराम आला की वेग कमी. पूर्णविराम आला की ब्रेक. जोडाक्षर म्हणजे स्पीडब्रेकर, तिथे जपून. कळलं? चल, सोड क्लच!”

भिंगरीला गंमतच वाटली. ती खिदळत वाचू लागली, “एका जंगलात एक अस्वल राहत होतं—”

धप्प! मास्तरांचा पाय फरशीवर!

“पूर्णविराम होता! थांबली का नाहीस?”

“थांबले की!”

“मी थांबवलं म्हणून थांबलीस. मागे घे. पुन्हा!”

“एका जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याने एक दु... दुका...”

“दुकान! अडखळलीस. मागे घे!”

“पण बाबा, चित्र बघ ना! त्याने कंगवा कानात—”

“गाडी चालवताना इकडेतिकडे बघायचं नाही!”

धप्प! धप्प! खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं. मास्तरांना वाटलं, शाबासकी देताहेत.

त्या संध्याकाळी अस्वलाचं दुकान काही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बिचारं अस्वल रोज कुलपाला किल्ली लावायचं आणि मास्तर त्याला रोज जंगलात परत पाठवायचे! चौथ्या-पाचव्या दिवशी तर भिंगरीने ‘दु’ म्हणायच्या आत मास्तर ‘दुकान’ म्हणून मोकळे होऊ लागले. मग भिंगरीनेही ओठ हलवायचे सोडून दिले. ती शब्दावर बोट ठेवायची आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसायची. शब्द आला की बोट पुढे.

“बघ, कशी सुसाट सुटलीये!” मास्तरांनी बायकोला फोन करून सांगितलं.

त्यानंतर भिंगरीचं पोट दुखायला लागलं. रोज संध्याकाळी, वाचायच्या वेळेलाच. आणि मेळ्याच्या आदल्या दिवशी बायकोला सुट्टी मिळाली, तिने गादी उचलून झटकली, तर खाली पुस्तक!

“भिंगरे, हे इथे कसं? ये, अस्वल वाचू या.”

“नको. मला नाही आवडत अस्वल.”

एवढीशी पोर, आईचा हात धरून पुस्तकाकडे ओढत नेणारी, आता भिंतीकडे तोंड करून बसली होती. बायको तरातरा बाहेर आली.

“अहो, तुम्ही पोरीला वाचायला शिकवत होतात की लायसन्स देत होतात? घाबरायला लागलीय ती पुस्तकाला! उद्या मेळ्यात तिने तोंड उघडलं नाही तर साडूंपुढे तुमचं नाक कापलं जाईल, त्याचं मला सोयरसुतक नाही. पण तिने पुन्हा कधी पुस्तक हातात धरलं नाही तर?”

मास्तर वरमले. पण किती वेळ? पाचच मिनिटं. मग त्यांनी कुठलाही कर्तबगार पुरुष करतो तेच केलं. चूक आपली नाही, रस्त्याची आहे, असं ठरवून टाकलं! पुस्तकात खड्डे कुठे आहेत, वळणं कुठे आहेत, हे आधी बघून ठेवलं पाहिजे. सकाळी कोणालाही न विचारता त्यांनी भिंगरीच्या दप्तरातून पुस्तक काढलं आणि गाडीत घेऊन गेले. शिकवणी संपवून परस्पर शाळेत पोचू, तोवर तिची पाळी थोडीच येतेय!

त्या सकाळी गाडी शिकायला आल्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. लोकांच्या जबड्यात पकड घालताना बाईंचा हात कधी थरथरला नव्हता. पण स्टिअरिंग हातात आलं, की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

“चला बाई, सरळ,” असं म्हणून मास्तरांनी पुस्तक उघडलं.

आता वाचकहो, हा माणूस जन्मात पहिल्यांदाच गोष्ट वाचत होता! अस्वलाच्या दुकानाचं दार एकदाचं उघडलं. सिंह आला. खुर्चीत बसला. घोरायला लागला. अस्वलाला शिंक आली, कात्री सुटली आणि सिंहाची अर्धी आयाळ जमिनीवर!

मास्तर ठो ठो हसले.

बाईंचा पाय क्लचवरून सटकला. गाडी आचका देऊन भर रस्त्यात बंद पडली.

“मास्तर! माझ्या गाडी चालवण्याला हसताय?”

“तुम्हाला नाही हो! सिंहाला!”

“कुठला सिंह?”

“हा काय, घोरतोय! अर्धी आयाळ गेली तरी पत्ता नाही त्याला!”

डॉक्टरीणबाईंनी घाबरून मागची सीट पाहिली. सिंह नव्हता. मग मास्तरांनी पुस्तक दाखवलं. बाईंनी चित्र पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं.

“मोठ्याने वाचा की! मलाही कळू दे!”

मास्तर मोठ्याने वाचू लागले आणि काय चमत्कार! बाई झकास गाडी चालवायला लागल्या. कानाशी कोणी ‘क्लच! क्लच!’ ओरडत नव्हतं. बाजार गेला, चौक गेला, शाळेचा रस्ता आला.

“मग?” बाई.

“मग अस्वलाने मध लावून केस परत चिकटवले!”

“अगंबाई! मग?”

“मग मधावर माश्या आल्या! आणि इतक्यात सिंहाने एक डोळा—”

धडाम!

शाळेच्या फाटकापाशी एक नवीकोरी गाडी उभी होती. बाईंनी मास्तरांची गाडी सावकाश, सरळ रेषेत, जराही न डगमगता तिच्या पाठीत घातली होती. त्या गाडीचा भोंगा बोंबलायला लागला. सुदैवाने कोणाला लागलं नाही, दिव्याच्या काचा तेवढ्या गेल्या.

“बाई! ब्रेक का नाही दाबलात?”

“मी? ब्रेक तुम्हीच दाबता ना रोज!”

“अहो, तुमच्याही पायाखाली आहे!”

बाईंनी वाकून पाहिलं. “हा? हा ब्रेक आहे? मला वाटलं, पाय ठेवायला दिलाय! वेळ आली की गाडी आपापली थांबायची.”

इतके महिने मास्तरांनी बाईंना एकदाही ब्रेक दाबू दिला नव्हता. ते क्षणभर पायाकडे बघत राहिले. मग त्यांना एकदम भिंगरी आठवली. शब्दावर बोट ठेवून बापाच्या तोंडाकडे बघणारी.

तेवढ्यात शाळेतून किंचाळत एक गृहस्थ धावत आले. ते साडू होते. गाडी त्यांची होती. आणखी कोणाची असणार!

“मास्तर! आजवर ओरखडा नाही म्हणे! हा काय ओरखडा आहे?”

फाटकाला लागूनच सभागृहाची खिडकी होती. मास्तरांनी आत पाहिलं. समोर मंचावर भिंगरी उभी होती. हात रिकामे. वर्गाच्या बाई दुसरं पुस्तक पुढे करत होत्या आणि ती मान हलवत होती. पहिल्या रांगेत बायको फोन कानाला लावून बसली होती. इकडे मास्तरांच्या खिशात फोन थरथरत होता. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावं तर साडूंनी दंड धरलेला!

“बाई, धावा!” त्यांनी पुस्तक डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबलं. “तेवढं माझ्या पोरीला द्या!”

डॉक्टरीणबाई धापा टाकत आत शिरल्या त्या थेट मंचापाशी.

“बाळ, हे घे तुझं पुस्तक. आणि मला आधी एक सांग, सिंह जागा झाल्यावर काय करतो? आम्ही नेमके तिथेच धडकलो!”

भिंगरीने आ वासला. “तुम्हाला माहीत नाही?”

“नाही ना! वाच की पटकन!”

“पटकन नाही वाचता येत मला.”

“मग हळू वाच. मला कुठे घाई आहे? गाडी तर फुटलीच आहे.”

भिंगरी हसली. तिने पुस्तक उघडलं, अक्षराखाली बोट धरलं आणि वाचायला लागली. अडखळत, थांबत, मध्येच चित्र सगळ्यांना दाखवत. माश्यांपाशी येऊन तिचं बोट अडलं. “अस्वलाची... त्रे... त्रे...” खिडकीत मास्तरांच्या तोंडात शब्द अगदी दातांपर्यंत आला. त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी गर्रकन मागे पाहिलं. जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणारी ती बाई ओरडली, “मास्तर, तोंड मिटा!”

मास्तरांनी मिटलं.

“त्रेधातिरपीट!” भिंगरी ओरडली. तिचं तिला आलं होतं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूंच्या मुलाने शब्दकोश मिटला आणि तो चित्र बघायला पुढे सरकला. मास्तरांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

आणि ती शेवटचं पान वाचणार, तोच साडूंच्या गाडीचा भोंगा पुन्हा बोंबलायला लागला! मास्तरांनी खिडकीच्या गजांत कान घातला. काही उपयोग नाही. आतलं सभागृह मात्र पोट धरधरून हसत होतं. बायको हसत होती, डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. नक्की काय झालं, हे फाटकापाशी उभ्या दोन माणसांना सोडून सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी भिंगरी पलंगावर पालथी पडली होती. पुस्तकात डोकं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मध्येच ती खुदकन हसली. मास्तर दारात घुटमळले. आत आले. खोटंखोटं खोकले.

“काय गं, तो सिंह... त्याने मग काय केलं?”

“श्श! मी मनातल्या मनात वाचतेय.”

“नुसतं सांग ना!”

“सांगायचं नसतं, बाबा. वाचायचं असतं.”

“बरं बाई, मग दे इकडे. तुझं तर झालंय वाचून.”

“पुन्हा वाचतेय. मग डॉक्टरकाकूंना द्यायचंय, त्यांना दवाखान्यातल्या मुलांना वाचून दाखवायचंय. मग शब्दकोशवाल्याला. मग आमच्या बाईंना. तुझा नंबर त्यांच्यानंतर.”

मास्तरांनी केविलवाणा चेहरा करून बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” बायको म्हणाली. “मला माहितीये शेवट.”